उथळ पाण्यातला संसार



गेले काही दिवस या व्यासपीठावरून आपण मोठे विषय ऐकत आहात. कोणी राज्यघटनेबद्दल बोलले, कोणी संतवाङ्मयाबद्दल, कोणी आकाशगंगांबद्दल. आज माझ्या वाट्याला आलेला विषय वीतभर खोलीच्या पाण्याचा आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण आपण सगळेच जाणतो, आणि ती बहुधा वक्त्यांनाच उद्देशून वापरली जाते. तेव्हा चालकांनी फळ्यावर ‘घरातले उथळ पाणी व त्यातील कोळंबी’ असा विषय लिहिला, त्यात माझ्याविषयीचा इशाराही आला आहे, असे आपण समजावे.

दुसरा एक गैरसमज आरंभीच दूर करतो. मराठी माणसाच्या कानावर ‘कोळंबी’ हा शब्द पडला की त्याच्या नाकाला फोडणीचा वास येतो. येताना मला एका स्नेह्यांनी विचारलेच, “शेवटी पाककृती सांगणार ना?” नाही, सांगणार नाही. मी ज्या कोळंबीविषयी बोलणार आहे ती पूर्ण वाढली तरी फार तर एक इंच भरते. एका माणसाच्या घासालाही ती पुरायची नाही. तिचे शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. तिचे मूळ घर पूर्व चीन, तैवान, कोरिया या भागांतील गोड्या पाण्याचे ओढे. रानातला तिचा रंग मळकट, जवळजवळ पारदर्शक असतो. शौकिनांनी निवड करकरून तिचे तांबडे, पिवळे, निळे वाण काढले. त्यांतला तांबडा वाण आज आपल्या शहरांतील माशांच्या दुकानांत ‘चेरी’ या नावाने मिळतो.

मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले. प्राणिशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. मग या भानगडीत मी कसा पडलो? माझी नात दहा वर्षांची झाली तेव्हा तिने वाढदिवसाला हा प्राणी मागितला. मी दुकानातून बारा कोळंब्या आणल्या. काचेचे भांडे धुऊन त्यात वाळू घातली, दोन वनस्पती रोवल्या. पाणी मात्र उत्तमातले उत्तम हवे म्हणून आमच्या देवघरापाशी असलेल्या तांब्याच्या हंड्यातले घेतले. रात्रभर तांब्यात राहिलेले, गाळलेले, आम्ही सारे पितो ते पाणी. संध्याकाळी त्या बारा जणी सोडल्या आणि सकाळी एकही हलत नव्हती. नात रडली नाही. तिने फक्त विचारले, “आजोबा, तुम्ही केमिस्ट्रीच शिकवत होता ना?”

श्रोतेहो, छत्तीस वर्षांच्या नोकरीत तपासनिसांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. पण इतका अचूक प्रश्न कोणी विचारला नव्हता. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

प्रथम तांब्याचेच पाहू. तांब्याच्या भांड्यात रात्रभर राहिलेल्या पाण्यात लिटरमागे मिलिग्रॅमचा दहावा-पाचवा हिस्सा तांबे उतरू शकते. माणसाला त्याचे काही नाही, कारण जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा लिटरला दोन मिलिग्रॅम आहे. पण कोळंबी हे पाणी पीत नाही, ती त्यात श्वास घेते. तिच्या कल्ल्यांवरून ते अष्टौप्रहर वाहते. तांबे त्या कल्ल्यांवर बसते आणि शरीरातले क्षार राखण्याचे त्यांचे काम बंद पाडते. आणि गंमत अशी की खुद्द कोळंबीच्या रक्तात तांबे असते! आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य लोहाचे आहे, म्हणून आपले रक्त लाल. तिच्या रक्तातले द्रव्य तांब्याचे, त्याला हिमोसायनिन म्हणतात, आणि प्राणवायू मिळाला की ते निळे दिसते. म्हणजे ज्या धातूवाचून तिचे चालत नाही, तोच जरा जास्त झाला की तिचा प्राण घेतो. शुद्ध पाणी म्हणजे काय, याचे उत्तर कोणासाठी शुद्ध, हे विचारल्याशिवाय देता येत नाही, एवढे मी त्या सकाळी शिकलो.

आता दुसरा प्रश्न. नुसत्या काचेच्या भांड्यात प्राणी जगतोच कसा? याचा पहिला नीट विचार एका रसायनशास्त्रज्ञानेच केला, हे सांगताना मला थोडे बरे वाटते. लंडनचे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ साली एका मोठ्या काचपात्रात वाळू, दगड, पाणवनस्पती आणि दोन सोनेरी मासे ठेवले. हिशेब असा की माशांनी सोडलेला कर्बवायू वनस्पती घेतील आणि वनस्पतींनी सोडलेला प्राणवायू मासे घेतील. हिशेब बरोबर होता. पण जुनी पाने कुजू लागली आणि पाणी बिघडले. तेव्हा त्यांनी डबक्यातल्या काही गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजके खाल्ले, पाणी निवळले आणि संसार सुरळीत झाला. पुढच्या वर्षी त्यांनी आपला वृत्तांत तिथल्या रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे ठेवला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मत्स्यगृह उघडले. तीच परंपरा आपल्याकडे मुंबईच्या किनाऱ्यावर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयापर्यंत आली. या सभेत असे पुष्कळजण असतील की लहानपणी वडिलांचे बोट धरून ते त्या काचांसमोर उभे राहिले आहेत.

वॉरिंग्टनच्या हिशेबात एक भागीदार मात्र नोंदायचा राहून गेला होता, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. प्राण्याच्या विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो जहर आहे. काही सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात. तेही जहरच. दुसरे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असून वनस्पती ते खत म्हणून घेतात. हे जंतू वेगळे काढून दाखवण्याचे काम सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० साली केले. नव्या भांड्यात हे जंतू जवळजवळ नसतातच. ते वाळूवर, काचेवर, वनस्पतींवर बसून वाढायला चार ते सहा आठवडे घेतात. माझ्या भांड्यात तांबे नसते, तरीही त्या बारा कोळंब्या पुढल्या पंधरवड्यात बहुधा अमोनियाने गेल्या असत्या. पाहुणे आले आणि घरात चूलच मांडलेली नाही, अशातली ती गत होती.

म्हणून ज्यांना हा उद्योग करावयाचा असेल त्यांनी क्रमाने काय करावे ते सांगतो.

प्रथम भांडे. उंच बरणी घेऊ नका, उथळ व पसरट भांडे घ्या. माझे आजचे भांडे पंचेचाळीस सेंटिमीटर लांब आणि तीस रुंद आहे. पाणी पंधरा सेंटिमीटर. म्हणजे सुमारे वीस लिटर. तेच वीस लिटर पाणी वीस सेंटिमीटर चौरस तळाच्या उंच बरणीत घातले, तर पन्नास सेंटिमीटर उंच उभे राहील. पाणी तेवढेच. पण हवेला भिडणारा पृष्ठभाग माझ्या भांड्यात तेराशे पन्नास चौरस सेंटिमीटर आणि बरणीत फक्त चारशे. प्राणवायू पाण्यात शिरतो तो याच पृष्ठभागातून. वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर उंच बरणीतले प्राणी लवकर अडचणीत येतात, उथळ भांड्यातले पुष्कळ वेळ तग धरतात. शिवाय कोळंबी ही माशासारखी सारा वेळ पोहत राहणारी नव्हे, ती चालणारी, चरणारी आहे. तिला उंची नको, अंगण हवे.

मग जागा. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, त्यात काच आणि वाळू. तेव्हा डगमगते स्टूल चालणार नाही. ऊन थेट पडेल अशी खिडकी नको. फोडणीचा धूर जाईल असे स्वयंपाकघर नको, धूप-उदबत्तीचे देवघर नको. आणि डास मारणारे यंत्र जिथे रात्रभर जळते ती खोली तर मुळीच नको. त्या यंत्रातील औषध कीटकांना मारण्यासाठीच असते, आणि कोळंबी ही कीटकांची फार लांबची नातेवाईक नव्हे. माशाला एकवेळ निभावेल, तिला निभावणार नाही.

तळाशी नदीची बारीक वाळू, दोन-तीन सेंटिमीटर. पाणी निवळ येईपर्यंत ती धुवावी. त्यात पाणवनस्पती लावाव्या. ज्याला दुकानदार ‘जावा मॉस’ म्हणतात ते शेवाळासारखे हिरवे जावळ सर्वांत सोयीचे. ते मंद उजेडात जगते आणि त्याच्या धाग्याधाग्यावर कोळंबीचे अन्न वाढते. तळ्यातून उपटून आणलेली वनस्पती तशीच घालू नका. तिच्याबरोबर चतुराची अळी घरात येते, आणि ती अळी म्हणजे कोळंबीच्या वस्तीत शिरलेला वाघच. दुकानातल्या वनस्पतीवरही कीटकनाशक असू शकते. म्हणून कोणतीही वनस्पती दोन-तीन आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवावी आणि ते पाणी अधूनमधून बदलावे. याशिवाय आपल्या देशी बदामाचे एक वाळलेले पान भांड्यात टाकावे. रस्त्याकडेला ते फुकट पडलेले असते, तेवढे औषध न फवारलेल्या झाडाचे पाहून घ्यावे. ते हळूहळू कुजते, त्यावर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो आणि कोळंबी तो थर दिवसभर खुडून खाते. शेवटी पानाच्या शिरांची जाळी तेवढी उरते. ती पाहत बसणे हा माझा दुपारचा विरंगुळा आहे.

पाणी गाळण्यासाठी स्पंजाची साधी गाळणी पुरे. पंपाची हवा नळीतून वर जाताना पाणी स्पंजातून ओढते. मोठे यंत्र नको, त्यात पिल्ले ओढली जातात. हा स्पंज नळाखाली धुऊ नका. भांड्यातूनच काढलेल्या पाण्यात पिळा, नाहीतर दीड महिन्यात वाढवलेले जंतू नळातल्या क्लोरीनने एका मिनिटात मरतील.

आणि पाणी! नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले तर त्यातला क्लोरीन उडून जातो. बादली प्लॅस्टिकची किंवा स्टीलची. तांब्यापितळेची नको, हे आता मी वेगळे सांगायला नकोच! काही गावांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. ते असे उडत नाही, त्याला औषध घालावे लागते. म्हणून एकदा चौकशी करावी. घरोघरी आता पाणी शुद्ध करण्याची आर.ओ. यंत्रे आली आहेत. त्यांतले पाणी एकटे वापरू नये, कारण त्यात क्षार फारसे उरत नाहीत आणि कोळंबीच्या कवचाला ते हवे असतात. पण उथळ भांड्यातले पाणी लवकर आटते. आटताना नुसती वाफ जाते, क्षार मागे राहतात. ती आटलेली भर मात्र आर.ओ.च्या पाण्याने काढावी, नाहीतर पाणी दिवसेंदिवस जड होत जाते. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलावे. भांड्यातले पाणी कुंड्यांना घालावे, झाडे खूष होतात.

हे सारे मांडून झाले की काय करावे? काही करू नये. हीच सर्वांत अवघड पायरी. चार ते सहा आठवडे रिकामे भांडे चालू ठेवावे, माशांच्या अन्नाची चिमूट अधूनमधून टाकावी म्हणजे जंतूंना खाद्य मिळते, आणि दुकानात मिळणाऱ्या तपासणीच्या संचाने अमोनिया व नायट्राइट पाहत राहावे. दोन्ही आधी चढून मग शून्यावर आले आणि शून्यावर टिकले, की घर राहण्याजोगे झाले. माझ्या नातीने त्या दिवसांत भिंतीवर तक्ता लावला होता आणि रोजचा आकडा ती स्वतः लिहीत असे. मी दोनदा म्हणालो, “आता आणू या.” दोन्ही वेळा तिने तक्त्याकडे बोट दाखवले. सदतिसाव्या दिवशी तिने परवानगी दिली.

आणलेल्या कोळंब्या एकदम ओतू नयेत. एका वाडग्यात त्यांना त्यांच्याच पाण्यात ठेवावे आणि बारीक नळीला गाठ मारून आपल्या भांड्यातले पाणी थेंबथेंब दीड-दोन तास पडू द्यावे. शंकराच्या पिंडीवर अभिषेकपात्रातून धार धरतात तशी. फक्त ते पात्र तांब्याचे नको!

अन्नाविषयी एकच नियम. आपल्याला वाटते त्याच्या निम्मे घालावे. मुरलेल्या भांड्यात पहिल्या दहा-बारा जणींना त्यांचे बरेचसे अन्न शेवाळात आणि पानावरच मिळते. आठवड्यातून दोन-तीनदा चिमूटभर, किंवा स्वच्छ धुऊन उकडलेल्या पालकाचा तुकडा, तोही काही तासांनी काढून घ्यावा. भांडी उपासाने क्वचित बिघडतात. बिघडतात ती प्रेमाने.

पुढे एक दिवस तळाशी एक पांढरे, पोकळ शरीर दिसेल. घाबरू नका, ती टाकलेली कात आहे. वाढताना जुने कवच सोडावेच लागते. नवे कवच घट्ट होईपर्यंत ती झुडपात लपून बसते. कात उचलून टाकू नका, त्यातले क्षार त्या पुन्हा खातात. कात टाकल्यावरच मादी वयात आलेली असली तर नर साऱ्या भांड्यात सैरावैरा पोहू लागतात, आणि मग तिच्या पोटाखाली वीस-तीस अंडी दिसतात. ती त्यांना तीन-चार आठवडे आपल्या पोहण्याच्या पायांनी वारा घालत सांभाळते. या जातीची पिल्ले अंड्यातून बाहेर पडतात तीच दोन मिलिमीटरची छोटी कोळंबी होऊन. सगळ्यांचे असे नसते. जपानचे ताकाशी अमानो यांनी शेवाळ खाणारी म्हणून जी मोठी जात जगभर नावाला आणली, तिच्या पिल्लांना आधी खारे पाणी लागते, घरी ती वाढवणे कठीण. म्हणून नवख्याने चेरीच घ्यावी.

आता आपला उन्हाळा. हे व्याख्यान आपण वसंतात ऐकत आहात आणि हातातले पंखे, रुमाल थांबलेले नाहीत, हे मी येथून पाहतो आहे. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. म्हणजे पाणी तापले की प्राणवायू घटतो, आणि नेमकी त्याच वेळी प्राण्याची गरज वाढते. अठ्ठावीसपर्यंत चेरीला चालते, तिशीपुढे धोका. उपाय आपल्या आजीचाच आहे. माठातले पाणी गार का होते? बाष्पीभवनाने. भांड्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की पाणी दोन-चार अंश उतरते, आणि उथळ भांड्याचा पसरट पृष्ठभाग येथे पुन्हा उपयोगी पडतो. आटणारे पाणी मात्र रोज भरावे. बर्फाचे खडे टाकू नयेत, एकदम झालेला बदल उन्हापेक्षा वाईट.

दोन गोष्टी नागरिक म्हणून सांगणे मला आवश्यक वाटते. साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, आणि डेंग्यूचा डास तर घरातलेच स्वच्छ पाणी शोधतो. कोळंबी डासाच्या अळ्यांची शिकार करील या भरवशावर राहू नका, ती शिकारी नव्हे. भांड्यावर बारीक जाळी घट्ट ताणून बसवावी. आपला छंद हा शेजाऱ्याचा ताप होऊ नये, अगदी शब्दशः!

दुसरी गोष्ट. वर्षभरात बाराच्या शंभर होतात. मग कोणीतरी दयाळू माणूस म्हणतो, सोडून देऊ नदीत, जगतील बिचाऱ्या. कृपा करून हे पुण्य करू नका. जर्मनीत वीजकेंद्राचे कोमट पाणी जिथे सोडतात त्या ओढ्यात हीच चिमुकली कोळंबी कोणीतरी सोडली आणि तिथे तिने वस्ती केली. आपल्याकडे १९५२ साली बाहेरून आणलेला चिलापी मासा पुढे आपल्या नद्या-जलाशयांत किती पसरला, हे उजनीच्या काठच्या कोळ्यांना विचारावे. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत आपल्या स्वतःच्या चिमुकल्या कोळंब्या आहेत. त्यांच्या घरात परके बिऱ्हाड घालण्याचा आपल्याला अधिकार नाही. वाढलेल्या कोळंब्या मित्रांना द्या, शाळेला द्या. नदीला देऊ नका.

श्रोतेहो, या कोळंबीचे आयुष्य वर्ष-दीड वर्षाचे. आमच्या दुसऱ्या खेपेच्या दहा जणींपैकी आज एकही नाही, पण भांडे भरलेले आहे, त्यांच्या नातवंडांनी. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी नातीने मला हाका मारून उठवले. चष्मा लावून, नाक काचेला टेकवून मी बराच वेळ पाहिले तेव्हा शेवाळाच्या धाग्यावर टाचणीच्या डोक्याएवढे काहीतरी चालताना दिसले. तिने मोजले, चौदा. तक्त्यावर लिहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आजोबा, त्या पहिल्या बाराचं पण लिहून ठेवू या का? तांब्याचं पाणी, असं?”

ते तिने लिहिले. तक्ता अजून भिंतीवर आहे आणि त्याची पहिली ओळ माझ्या चुकीची आहे. प्रयोगवहीत फसलेला प्रयोगही लिहावा, असे मी छत्तीस वर्षे मुलांना सांगत आलो. स्वतःच्या घरी ते मला एका मुलीने करायला लावले. तांब्याचा हंडाही देवघरापाशी आहेच, आम्ही त्यातलेच पाणी पितो. फक्त आता त्याच्या शेजारी एक प्लॅस्टिकची बादली उभी असते, आणि घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती कशासाठी आहे हे सांगितले जाते.

वीतभर पाण्याविषयी आपण तासभर शांतपणे ऐकून घेतलेत. खळखळाट फार झाला असल्यास क्षमा करावी.